तोंड पाहिल्याची गोळी

डोंगरातल्या नारिन शहराच्या स्टँडवर गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर एसेनला एकच करमणूक असे, मागच्या सीटवरच्या गप्पा. आज मागे सासू, सून आणि पाच वर्षांची नात होती. तिघी नात्यातलं नवं बाळ बघायला निघाल्या होत्या.

“आयझिरेक, खाऊची गोळी नीट धर. बाळाचं तोंड पहिल्यांदा बघायचं ते रिकाम्या हातानं नाही.”

“धरलीय, आजी.”

“आणि तू गं, शाळेची नोकरी सोडून लहान पोरांच्या चष्म्यांचं दुकान काढणार? चष्मा ही म्हाताऱ्यांची वस्तू!”

“आई, बाजारातले चष्मे उंच नाकांसाठी केलेले असतात. आपल्या पोरांच्या बसक्या नाकांवरून घसरतात. पोरं बसलेला घोडा जरा उधळला की चष्मा गवतात.”

“माझ्या नातीचं नाक बसकं म्हणतेस?”

“तुमच्यावरच गेलंय.”

“जीभ बघा हिची! आणि पहिला चष्मा हिलाच? उद्या हिला कोण करून घेईल?”

“घालू तर द्या. आयझिरेक, मान हलव. जोरात! बघा, पडला का?”

“आजी, तुझ्या गालावर तीळ आहे!”

“जन्मापासून आहे, बाई.”

“आजी, ही घे.”

“अगं, ती बाळाची गोळी! पहिल्यांदा तोंड बघताना द्यायची.”

“हो. म्हणूनच तर तुला देतेय.”

एसेननं आरशात पाहिलं. म्हातारीनं गोळी मुठीत घट्ट धरली होती.

“सूनबाई, दुकान चौकात घे. आडबाजूला कोण फिरकणार?”