तापाची वही

नीतू : मंगळवारी चार वाजता, एकशे दोन. हे कोणी लिहिलं, मम्मी?

बेबीताई : मीनं लिहिलं. वही माही, ताप माहा, मंग दुसरं कोण लिहीन?

नीतू : कशानं मोजला?

बेबीताई : थर्मामीटरनं. लाटण्यानं मोजतेत का कुठी?

नीतू : थर्मामीटर हे पाय. सोमवारी सेल बदलायले पावर हाउसच्या बाजारात नेलं होतं, तेव्हापासून माह्या पर्समध्येच हाय. आज शुक्रवार.

बेबीताई : मंग हात लावून पाह्यला असन. तू एवढीशी होती तेव्हापासून हातानंच ताप सांगते मी.

नीतू : हातानं एकशे दोन समजते? अन् बुधवारी एकशे एक पॉइंट आठ?

बेबीताई : अंदाज हाय माहा. दिवसभर लॅबमध्ये लोकायचं रक्त तपासते, अन् घरी आली का माय सापडते तुले. हातपाय धू, चहा ठेवते.

नीतू : चहा नाही पायजे. पोट दाखव.

बेबीताई : काय?

नीतू : पोट दाखव. सकाळ-संध्याकाळ पोटाले सुई, पाच दिवस. आज संध्याकाळची धरली तं दहा होतेत. नर्सनं सांगितलं होतं, जिथं टोचलं तिथं लाल गाठ येतेच. सगळ्यायले येते.

बेबीताई : जवान पोरीनं मायचं पोट पाहायचं, हे कुठलं शिक्षण?

नीतू : मम्मी.

बेबीताई : माही चमडी जाड हाय. भंडाऱ्याच्या उन्हातली हाय.

नीतू : झूठ मत बोल. तू औषध घेतलंच नाही.

बेबीताई : हळू बोल. भिंतीच्या पल्याड शेजारच्या भूमिकाची सासू कान लावून बसून राहते. साऱ्या कुरुद वस्तीले माहीत करायचं हाय का, का बेबीताईले एचआयव्ही हाय म्हणून?

नीतू : मंग हळूच सांग. फ्रिजमधल्या शिश्या आजची एक सोडून साऱ्या रिकाम्या हायेत, मी पाह्यल्या. औषध कुठं गेलं? मोरीत ओतलं?

बेबीताई : पयले तू सांग. त्या रायपूरच्या डॉक्टरनं तुले काय कबूल केलं?

नीतू : मले?

बेबीताई : नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये तूच माहं नाव देल्लं. तूच फॉर्म वाचला, तूच बोट ठेवलं, इथं सही कर म्हणून. त्याच्या लॅबमध्ये पक्कं करतो म्हणला असन तुले. मायले देऊन टाक, नोकरी घेऊन जा.

नीतू : हे तू पाच दिवसांपासून मनात धरून बसली होती?

बेबीताई : महिन्यापासून.

नीतू : रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा काउंट एकशे नव्वद हाय तुहा, पाचशेच्या वर पायजे. नऊ वर्षं झाले, टाइमवर गोळ्या खाते, व्हायरस दबला, पर काउंट वर येऊनच नाही राहिला. मागच्या थंडीत न्यूमोनिया झाला, तेव्हा मी चार दिवस दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसून होती. बाबाच्या वेळीही असंच बसली होती. मले ते बाकडं पुन्हा नाही पायजे. बस, इतनी सी बात. म्हणून नाव देल्लं.

बेबीताई : रडू नको. औषध काय हाय ते एक डाव पुन्हा सीधं सांग.

नीतू : इंटरल्युकिन. प्रोटीन हाय, आपल्या अंगातच बनते. बीमारीशी लढणाऱ्या पेशी असतेत, त्यायले वाढा म्हणून सांगते. तेच बाहेर बनवून सुईनं देतेत.

बेबीताई : अंगातच बनते तं बाहेरून कायले? अन् डॉक्टर स्वतःच म्हणला, काम करनच असं नाही, म्हणून तं पाहून राहिलो. पाहून राहिला म्हणे. माह्यावर पाहून राहिला. तुह्या बाबाले बी त्या वैदानं पुड्या देल्ल्या होत्या. गोळ्या बंद करा, नवीन औषध हाय, मी बरं करतो. चार महिन्यांत भिंतीवर फोटो लागला.

नीतू : तो लबाड होता. यायनं तं काय काय बिघडू शकते ते बी लिहून देल्लं. नको होतं तं नाही म्हणायचं. कधी बी सोडता येते, फॉर्मवरच हाय.

बेबीताई : तुह्या तोंडाकडे पाहून नाही म्हणता नाही आलं.

नीतू : म्हणून फेकून देल्लं.

बेबीताई : फेकलं नाही. औषध कोणी फेकते का?

नीतू : थांब. ते दही.

बेबीताई : कायचं दही?

नीतू : सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन वैशाली नगरले जाऊन राहिली तू. अंजनामावशीले दही नेते म्हणे. डब्याच्या बाजूनं बरफ भरत होती, मी पाह्यलं. अन् मावशी तं दही खातच नाही. गुडघे धरतेत म्हणते.

बेबीताई : कढी करत असन ती त्याची.

नीतू : मम्मी. मावशीले टोचलं तू?

बेबीताई : तिचा काउंट नव्वद हाय. माहा एकशे नव्वद. आमी दोघी एकाच दिवशी गेलो होतो नाव द्यायले. कम्प्युटरनं चिठ्ठी काढली, मले सुई लागली, तिले नुसत्या गोळ्या. जिच्या ताटात कमी, तिले पयले वाढावं का नाही? नऊ वर्षांआधी मी गोळ्यायच्या लाइनीत तोंड बांधून उभी होती, तेव्हा तिनंच माहा हात धरला. म्हणे, लाजू नको, इथं साऱ्यायचंच तोंड बांधलं हाय.

नीतू : मले पटून नाही राहिलं.

बेबीताई : काय नाही पटत?

नीतू : नुसती दया असती तं तू मले सांगितलं असतं. चांगलं काम लपवून ठेवणारी नाही तू. शेजारी वाटीभर पीठ देल्लं तरी चार घरी सांगून येते.

बेबीताई : वकीलच व्हायचं होतं तुले.

नीतू : तिले काय म्हणली? सारं तुले?

बेबीताई : अर्धं तिले, अर्धं मले. असं म्हणली.

नीतू : अन् तू अर्धं घेतलं?

बेबीताई : नाही.

नीतू : एक डाव बी नाही?

बेबीताई : पयल्या दिवशी ती म्हणे, बेबी, आधी तू घे, माह्यासमोर. मी म्हणलं, मी घरूनच घेऊन आली. मंग तिनं लुगड्याचा काठ बाजूले केला.

नीतू : म्हणजे डॉक्टर तुह्यावर पाहून राहिला, अन् तू तिच्यावर.

बेबीताई : असं नको बोलू.

नीतू : तिले काही झालं नाही, तं पुढच्या फेरीच्या सुया तू घेशीन. हेच होतं ना? सच बता.

बेबीताई : दया बी होती, नीतू. ते खोटं नाही. पर भेव त्याच्याहून मोठं होतं. हो. मनात आलं, पयले तिले देऊन पाहू.

नीतू : कशी हाय मावशी?

बेबीताई : वहीतला ताप खरा हाय. तिचाच हाय. तिच्या थर्मामीटरनं मोजला अन् घरी येऊन लिहिला.

नीतू : मंगळवारपासून?

बेबीताई : मंगळवारपासून.

नीतू : डोस तुह्या वजनावर काढला होता. तू अठ्ठावन्न किलो. मावशी चाळीसची बी नसन. अजून काय होऊन राहिलं तिले?

बेबीताई : पाय सुजले. सकाळी दोन पायऱ्या चढली तं दम लागला. लघवी बी कमी होते म्हणे.

नीतू : हे सारं त्या कागदावर लिहून हाय, मम्मी. असं झालं तं घरी थांबायचंच नाही म्हणून. मी वाचून दाखवलं होतं तुले.

बेबीताई : मले वाटलं, उतरन.

नीतू : दे फोन.

(नीतू नंबर लावते आणि फोन स्पीकरवर टाकून दोघींच्या मध्ये ठेवते.)

अंजनाबाई : हा, बोल पोरी, बोल नोनी.

नीतू : मावशी, दार उघडून ठेव. मी एकशे आठची गाडी बोलावून राहिली. दवाखान्यात जायचं हाय.

अंजनाबाई : कायले? तापच तं हाय.

नीतू : बोलताना दम लागून राहिला तुले. मले इथं ऐकू येते.

अंजनाबाई : बेबीनं सांगितलं वाटते. रागावू नको तिले. मी दवाखान्यात गेली, तं ते विचारतीन, सुई कुठून आली. मंग बेबीचं नाव कटन. तिच्या वाट्यातलं अर्धं काढून देल्लं तिनं मले. कोण देते आजकाल? सख्खी बहीण नाही देत.

नीतू : नाव कटू दे, मावशी. गाडीत बस.

अंजनाबाई : नाही वं. बेबीले बी असाच ताप होता ना. पाय बी सुजले होते, तिनंच सांगितलं. दोन दिवसांत उतरली सूज. माही बी उतरन. आता आज एकच सुई राहिली, ते घेतली का झालं.

नीतू : ती सुई घ्यायची नाही.

अंजनाबाई : तू लहान हाय, नोनी. आमी दोघी सांभाळून घेतो.

बेबीताई : तूच सांग ना तिले, नीतू. तू शिकलेली हाय. तुहं ऐकन ती.

नीतू : माहं नाही ऐकून राहिली. ती तुह्या भरोशावर थांबून हाय.

अंजनाबाई : बेबी हाय का तिथं? बेबी, ये ना वं लवकर. वाट पाहून राहिली मी. बरफ आणजो, घरचा संपला.

बेबीताई : अंजना, मी सुई घेऊन नाही येत. गाडी घेऊन येते.

अंजनाबाई : तू बी पोरीसारखी घाबरली? तुहा उतरला ना ताप?

बेबीताई : मले ताप आलाच नव्हता, अंजना.