चतुर्थीचा प्रत्यय

माझ्या शुद्ध भाषेचे तुम्ही सगळ्या कौतुक करता, म्हणूनच हे सांगते. गेल्या वर्षी वाडीच्या गोदामात काम करणारे संजयराव, त्यांची पत्नी मंदा आणि मुलगा रोहन मराठीची शिक्षिका म्हणून माझ्याकडे सल्ल्याला आले. रोहनसाठी दोन नामांकित शाळांपैकी कोणती निवडावी, हे त्यांचे ठरत नव्हते.

"घराजवळची बरी का शिस्तीची, बाई?" मंदाने विचारले. "मले तं काहीच समजून नाही राहिलं."

"शिस्तीची," मी म्हणाले. "मात्र तिथे आईवडिलांचीही मुलाखत घेतात. तेव्हा 'मले' नव्हे, 'मला'."

महिनाभराच्या तयारीत रोहनची भाषा सुधारली. मंदाच्या तोंडून मात्र 'मले'च निघे. अखेर मीच तिला बजावले, "तू तिथे बोलूच नकोस."

मुलाखतीनंतर ती संत्राबर्फी घेऊन आली. रोहनची निवड झाली होती.

"तुला काय विचारले?"

"माहं नाव विचारलं, बाई. म्या तोंडच नाही उघडलं. मंग सर रोहनकडे पाहून राहिले, तं तो म्हणाला, 'माझ्या आईला बोलता येत नाही.'"

मी बर्फीचा डबा बाजूला ठेवला.

"आता त्या शाळेत गेली तं मले मुकंच राहा लागन," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून, माझीच समजूत घालावी तशी पुढे म्हणाली, "पण 'आईला' म्हणाला बरं, बाई. 'आईले' नाही म्हटलं त्यानं."