बाळ येशूचे डोळे

तुम्हाला सांगते, पेणमधल्या पोरांच्या हातात शाडू द्यायचा म्हणजे जीवाला घोर! नाताळची गोष्ट हातांनी शिकावी, म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांकडून गोठ्यातल्या सगळ्या मूर्ती घडवून घेतल्या. चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेची वेळ झाली, फादर दारात आले, आणि बघते तर मेंढरांना डोळे आहेत, बाळ येशूला नाहीत!

"रोझी, डोळे रंगव गो पटकन!"

ती ब्रश टाकून मागे सरली. "नाय टीचर. आमच्या गल्लीत गणपतीचे डोळे कारखान्यातले म्हातारे काकाच आखतात. माझा हात चुकला तर देव जन्मभर तिरका बघंल!"

मी ब्रश उचलला, रंगात बुडवला, पण माझंही धाडस होईना. शेवटी तो फादरांपुढे धरला. "तुम्हीच आखा."

फादर वाकले. ब्रश बाळाच्या तोंडापर्यंत नेला आणि हळूच खाली ठेवला.

"बाळ झोपलंय," ते म्हणाले. "झोपू दे."