पूनमसिंग दवाखान्यात नाही

रंजिता : घ्या बा, अजून एक फोन. धनीबाई आत्या होती. रडून राह्यली नुसती. म्हणते, पूनमसिंग जगन का?

पूनमसिंग : सांग तिले, पूनमसिंग ओसरीत बसून चहा पिऊन राह्यला.

रंजिता : सांगतलं. तिले वाटते, पोरगी लपवून राह्यली. मेलातच लिहून हाय ना, 'फोन करू नका, मला बोलता येत नाही.'

पूनमसिंग : ते मी लिहिलं काय?

रंजिता : तुमच्या नावानं गेलं! तुमच्या मेलवरून, जेवढ्यायचे पत्ते होते तेवढ्यायले. 'मी यवतमाळच्या दवाखान्यात भरती आहे. माझे रिपोर्ट इथे दाबून पाहा.' दाबलं की त्यायचाबी पासवर्ड मागते. ज्यानं देला त्याचा मेल गेला. मंग त्याच्या नावानं पुढच्यायले. असंच चालते हे.

पूनमसिंग : मंग मह्यावर कायले ओरडतेस? चोरावर ओरड.

रंजिता : चोराले दार कोणं उघडून देलं?

पूनमसिंग : मेल कंपनीचा होता. वरतं नाव होतं, निळा शिक्का होता. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पासवर्ड टाका, नाहीतर आज संध्याकाळी बंद होईल.' बंद झाल्यावर तूच ओरडली असतीस.

रंजिता : नाव कोणीबी लावते बा! नावाच्या बाजूले पत्ता असते, तो पाहाचा. दिवाळीत बसवून शिकवलं तुमाले. तवा मान हलवून राह्यलते.

पूनमसिंग : तू लय गोष्टी शिकवतेस. मान तं हलवावीच लागते.

रंजिता : बरं, मले सांगा. तांड्यात अनोळखी माणूस आला, त्यानं नाव सांगतलं, की घेता त्याले घरात?

पूनमसिंग : असं कसं घेईन? गोत इचारतो. तांडा इचारतो. तिथला नायक कोण, ते इचारतो. मंग पाणी.

रंजिता : तेच तं म्हणून राह्यली मी! अंगणात आला तं एवढी चौकशी, अन् मोबाइलात आला तं एकदम घरात? वरतून चाबीबी त्याच्या हातात!

पूनमसिंग : तो घाई करून राह्यलता ना.

रंजिता : घाई करते तवाच समजाचं! दारात उभा राहून 'लवकर करा, लवकर करा' म्हणणारा पाहुणा पाह्यला काय कधी?

पूनमसिंग : बरं बाई. झाली चूक. आता चाबी बदलली ना?

रंजिता : पासवर्ड बदलला. आता तुमच्या मोबाइलवर कोडबी येईन. तो कोड कोणाले सांगाचा?

पूनमसिंग : तुले.

रंजिता : मलेबी नाही!

पूनमसिंग : पोटच्या पोरीलेबी नाही?

रंजिता : कोणालेच नाही! बा, मले वेड लागन आज. तिकडे भीमराजमामा डबा घेऊन दवाखान्यात गेलता. सगळे वार्ड फिरला अन् नर्सवर भडकला, 'आमचा नायक कुठं ठेवला?' म्हणून. तिनं हाकललं त्याले.

पूनमसिंग : डब्यात काय होतं?

रंजिता : बा!

पूनमसिंग : इचारलं नुसतं.

रंजिता : आता कोणाकोणाले मेल गेला ते पाहून सगळ्यायले फोन लावते. थांबा... हा पत्ता कोणाचा? शंकरसिंग? आपला शंकरकाका?

पूनमसिंग : असन.

रंजिता : काकाचा पत्ता तुमच्या मेलात कसा? तांड्याची नायकी तुमाले भेटली म्हणून भांडला, तांडा सोडून केळापूरकडे गेला. तवापासून सख्ख्या भावाचं नाव नाही घेतलं तुमी या घरात.

पूनमसिंग : तीजेच्या सणाच्या पत्रिका पाठवल्या होत्या मागच्या वर्षी. सगळ्यायले गेल्या, त्यालेबी गेली असन.

रंजिता : 'गेली असन'! पत्ता काय उडत आला?

पूनमसिंग : त्याच्या पोराले, इंद्रजीतले मागतला मी. झालं समाधान? ना उत्तर आलं, ना तो आला.

रंजिता : आता येऊन राह्यला. काकीचा फोन आलता मायले, काका सकाळीच निघाला म्हणे घरून. मले आता समजलं कायले निघाला ते.

पूनमसिंग : कुठवर आला?

रंजिता : इचारते ना. मेल खोटा हाय म्हणून सांगते. परत जाईन बिचारा.

पूनमसिंग : थांब. नको सांगू.

रंजिता : काहून?

पूनमसिंग : येऊ दे. घरी आल्यावर सांगू.

रंजिता : म्हणजे चोरानं केलं तेच तुमीबी करता! खोटं सांगून माणूस बोलवता?

पूनमसिंग : खरी पत्रिका पाठवली तं नाही ना आला. खोट्यानं येऊन राह्यला, तं येऊ दे पोरी.

रंजिता : नको बा. तो जीव मुठीत धरून बसला असन तिकडे. मी लावते.

(रंजिता फोन लावते, स्पीकर सुरू करते.)

शंकरसिंग : हां, बोल बेटा.

रंजिता : काका, घाबरू नका. बाले काही नाही झालं. तो मेल खोटा हाय.

शंकरसिंग : मालूम हाय.

रंजिता : मालूम हाय? कोणं सांगतलं?

शंकरसिंग : कोण सांगन? वाचला ना मी. पहिलीच लाइन, 'प्रिय मित्र, कृपया मला मदत करा.' तुह्या बापानं जिंदगीत कोणाले मदत मागतली काय? अन् मले प्रिय म्हणन तो? बटन दाबलंच नाही मी.

रंजिता : मंग आता कुठं हाय तुमी?

शंकरसिंग : दारव्ह्याच्या जीपमध्ये. यवतमाळ सोडलं आत्ताच. म्हटलं, भियाचा मेल चोरीले गेला, जाऊन सांगावं.

रंजिता : एवढ्यासाठी एवढ्या दुरून? काका, फोन कराचा ना!

शंकरसिंग : त्यानं उचलला असता?

रंजिता : ...बा, ऐकून राह्यले ना? बोला काहीतरी.

पूनमसिंग : काय बोलू?

रंजिता : आता हेबी मीच शिकवू?

शंकरसिंग : बाजूले कोण हाय बेटा? भिया हाय काय?

पूनमसिंग : शंकर, फाट्यावर उतर अन् तिथंच थांब. पायी नको येऊ, मी गाडी घेऊन येतो. तुह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ठाऊक हाय मले.