दातवाल्या काकांची गाडी आणि सर्कलच्या एकेचाळीस फेऱ्या

मघाशी काउंटरवर तोंडी सांगितलं तेच आता लिहून घेताय, म्हणून परत पहिल्यापासून सांगते. नाव ओळखपत्राप्रमाणे. क्लबमध्ये मला ‘काडी’ म्हणतात, कारण ऑइल मोजायची काडी कायम माझ्याच हातात असते. वय २४, नोकरी चष्म्याच्या दुकानात, राहणार आईवडिलांजवळ, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी जुन्या गाड्यांच्या क्लबची सभासद आहे. माझी स्वतःची गाडी नाही, मी दातवाल्या काकांच्या गाडीवर असते. काका म्हणजे रिटायर्ड डेंटिस्ट, वय ७८. त्यांची गाडी वयाने त्यांच्याहून मोठी आहे. हिरवी, बाजूला स्टेपनी, रबरी फुग्याचा भोंगा. सेल्फ-स्टार्टर नाही, पुढून हँडल मारावं लागतं. काका दातांचा छोटा आरसा घालून इंजिन तपासतात आणि बॉनेट उघडताना गाडीला ‘आ करा’ म्हणतात. हे लिहिलं नाही तरी चालेल.

आज रविवारी सकाळी क्लबची फेरी होती. सगळे धरणापर्यंत जाऊन परत येत होतो. आमची गाडी पुढे होती. चालवत काकाच होते. त्यांचा डावा गुडघा सहा महिन्यांपासून दुखतो. क्लच दाबताना ते काही बोलत नाहीत, फक्त त्यांचं गाणं मधेच थांबतं. मला ते स्टेडियमच्या रिकाम्या ग्राउंडवर शिकवतात. रस्त्यावर मी ती गाडी कधी चालवलेली नव्हती. गिअर खरखरला की म्हणतात, “हळू, दाढ काढतेयस का?”

दहा वाजून वीस मिनिटांनी बागेच्या सर्कलला फर्निचरच्या शोरूमसमोर काकांनी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि मला म्हणाले, “सरक इकडे. मी दोन मिनिटांत खुर्ची बघून येतो, गुडघ्यासाठी.”

मी म्हणाले, “काका, मी? इथे? रस्त्यावर?”

“पंख्याचा पट्टा येतानाच तुटलाय. उभी ठेवलीस तर पाणी उकळेल. बंद केलीस तर गरम इंजिन तासभर सुरू होत नाही. वारा लागला पाहिजे. फिरत राहा.”

माझ्याकडे लायसन्स आहे, ते दाखवलं आहे. मी फिरत राहिले. सर्कलची एक फेरी सव्वा मिनिटाची होते.

सहाव्या फेरीला ट्रॅफिक हवालदारांनी विचारलं, “ओ मॅडम, हरवलात का?” मी “नाही!” म्हणेपर्यंत पुढे गेले होते. आमचं पुढचं बोलणं असंच तुकड्यातुकड्यांत झालं. सातव्या फेरीला ते म्हणाले, “मग पत्ता कुठला हवाय?” मी म्हणाले, “पत्ता नको, काका हवेत!” आठव्या फेरीला, “कोणाचे काका?” मी म्हणाले, “गाडीचे!” नवव्या फेरीला त्यांनी शिट्टी वाजवून हात आडवा केला. मी वळसा घातला आणि ओरडले, “थांबता येत नाही, उकळेल!” दहाव्या फेरीला ते म्हणाले, “मग गॅस बारीक करा की!” म्हणजे पोलिसांचा आदेश मी मोडला हे खरं आहे, पण तो अपमान नव्हता.

चौदाव्या फेरीच्या सुमारास मागून क्लबच्या पाच गाड्या आल्या. क्लबचा नियम आहे की पुढच्या गाडीची पाठ सोडायची नाही, कारण जुनी गाडी कुठे बंद पडेल सांगता येत नाही. पुढची गाडी मी होते. त्यामुळे त्या पाचही सर्कलमध्ये शिरल्या आणि माझ्यामागे फिरायला लागल्या. का फिरतोय हे कोणीच विचारलं नाही. शेवटच्या गाडीत बेकरीवाल्या मावशी होत्या, त्या सगळ्यांना हात करत होत्या. फुटपाथवर लोक जमले. टाळ्या वाजल्या. ‘वाहतुकीस अडथळा’ म्हणताय तो हाच असेल. मला गर्दीचं माहीत नाही, मी पाणी किती तापलंय त्याचा काटा बघत होते.

तेविसाव्या फेरीला शोरूमचा कारकून फुटपाथवरून ओरडला, “मॅडम, सांभाळून! ओरखडा नको. शेठ वर पेपर करतायत, गाडी आता आमची!”

मला खरं वाटलं नाही. पहिल्या मजल्यावर मोठी काच आहे. चोविसाव्या फेरीला वर बघितलं तर टेबलापलीकडे शेठ होते आणि अलीकडे काकांची पाठ. खुर्चीचा विषय दिसत नव्हता.

त्याच फेरीला हवालदार माझ्याबरोबर थोडं पळाले आणि म्हणाले, “मॅडम, पेट्रोलपंपाला सावली आहे, पाणी आहे, उतार आहे. तिथे लावा, मी धक्का मारतो. माझ्या वडिलांची अशीच होती, मला कळतं.” म्हणजे चोविसाव्या फेरीपासून मला थांबायला जागा होती. मी थँक्यू म्हणाले आणि थांबले नाही. शेठची तक्रार आहे की मी मुद्दाम केलं. तेविसाव्या फेरीपर्यंत मुद्दाम नव्हतं. चोविसाव्यापासून मुद्दाम होतं.

पंचविसाव्या फेरीपासून मी काचेखाली भोंगा वाजवायला लागले. प्रत्येक फेरीला एकदा. मागच्या पाचजणांना वाटलं आता भोंगा वाजवायचा असतो, त्यांनीही वाजवले. सत्ताविसाव्या फेरीला काका काचेपाशी आले. त्यांच्या हातात पेन होतं. एकोणतिसाव्या फेरीलाही तिथेच होते. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन ना? माझा एकोणवाल्या आकड्यांचा घोळ होतो, आकड्यातच लिहा.

तिसाव्या ते तेहतिसाव्या फेरीचं नीट आठवत नाही. त्या गाडीला बाजूच्या काचा नाहीत, डोळ्यांत धूळ गेली होती.

छत्तिसाव्या फेरीला वळणावर मी तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, तो अजिबात खरखरला नाही. एकदम लोण्यासारखा पडला. वर बघितलं तर काकांनी पेन खिशाला लावलं होतं आणि ते काचेला कान लावून उभे होते.

एकेचाळिसाव्या फेरीला पुढून वाफ आली. काका रस्त्यावर नुसत्या मोज्यांवर धावत आले, कारण शोरूममध्ये गालिच्यासाठी बूट काढून ठेवायला सांगतात. “अगं काटा बघ, काटा! तोंड भाजेल तिचं!” मी गाडी पंपावर घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागून पाचही गाड्या आल्या. मावशी म्हणाल्या, “संपलं? मला वाटलं आज हाच रूट आहे. छान होता.”

हवालदारांनी पाण्याची बादली आणली. काका रेडिएटरपाशी आरसा धरून वाकले होते तेवढ्यात शेठ कागद घेऊन आले.

“डॉक्टर, सही राहिली.”

काका न बघता म्हणाले, “शेठ, तुम्ही हिला चालवणार का?”

“छे! पेट्रोल काढून टाकणार. शोरूमच्या काचेत, खाली ठोकळे, वरून लाइट, शेजारी सोफा. लोक बघत राहतील.”

“मग राहू द्या.”

“अहो, काल फोनवर शब्द दिलात!”

“दिला होता. काल मला वाटत होतं की माझ्यानंतर हिला चालवणारं कोणी नाही.”

त्यावर शेठ बरंच बोलले आणि तक्रार द्यायला निघाले. ते काय बोलले ते त्यांच्या जबाबात असेल. माझ्याबद्दल ‘भोंगेवाली कार्टी’ असं म्हणाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

इंजिन थंड व्हायला तास लागला. मग काकांनी हँडल मारलं, मी आत होते. पहिल्या झटक्यात सुरू झाली. पोलीस स्टेशनपर्यंत गाडी मीच आणली. शिकवायचं ग्राउंड सोडलं तर गाडी घेतल्यापासून आजपर्यंत काका दुसऱ्या बाजूला कधी बसले नव्हते. इथवर येताना ते दोनदाच बोलले. एकदा म्हणाले, “इकडून बाग दिसते की.” आणि एकदा, “पुढे खड्डा आहे.” बाकी रस्ताभर गात होते.

दंड काय असेल तो मी भरीन. मागच्या पाचजणांना त्यात घेऊ नये, ते फक्त माझ्यामागे होते.

वरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मुद्दाम’च्या जागी ‘अनवधानाने’ लिहिलं होतं, त्याचा अर्थ विचारून मी परत ‘मुद्दाम’ लिहायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते. फक्त एक विचारते साहेब, हे लिहू नका हवं तर. पंपावर सावली होती, पाणी होतं, सगळं होतं. माझ्या जागी तुम्ही असता, तर चोविसाव्या फेरीला थांबला असता का?