चार सुरांची सिक्स्थ

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठ धरून बसलेल्या सुताराच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं. त्यातल्या पियानो शिकवणाऱ्या बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर, पट्ट्यांवर ठेवावीत तशी होती.

"ही मायनर सिक्स्थ कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर. सा, कोमल ग, प आणि ध."

"सूर चार, मग सिक्स्थ कशाला?"

"'सा'पासून मोजा. ध सहावा."

"आणि मायनर म्हणजे ध पण कोमल?"

"इथेच सगळे फसतात. मायनर होते ती कोमल 'ग'मुळे. ध शुद्धच."

"वाजव बघू."

"तीन बोटं दाबतात हो. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझी करंगळी हलत नाही, माहीत आहे ना?"

"म्हणून तर शिकतोय. ध कुठे येतो, दाखव."

बाईंनी जागा दाखवली. नवऱ्याने तिथे बोट टेकवलं.

"अहो, अंगठा काय लावताय? तिथे करंगळीच येते."