वरचे अडीचशे युनिट

(नगरच्या सावेडी भागातल्या एका सोसायटीचं पार्किंग. रविवारची दुपार. पंपाच्या खोलीला लागून वॉचमन सहादेवची खोली. दार नुसतं लोटलेलं. आतून कसली तरी सारखी घरघर.)

सहादेव : पन मॅडम, चार्जिंगचा प्लग का काढला? निम्मीच तर भरलीय गाडी. सकाळी श्रीगोंद्याला कॉलेजात कशा जानार?

रोहिणी : कल्याणरावांनी काढायला लावला. मीटिंगमध्ये ठरलं. आजपासून सोसायटीच्या मीटरवर गाडी लावायची नाही.

सहादेव : आसं कसं? पैशे भरता ना तुमी! गाडी यायच्या आधी जेवढं बिल येत हुतं तेवढं समद्यांचं, त्याच्या वरचं तुमचं. सेक्रेटरी म्हनून त्यांनीच ठरवल्यालं.

रोहिणी : त्यांनीच ठरवलं, त्यांनीच मोडलं. पाणी चढलं नाही, माझी गाडी. लिफ्ट अडकली, माझी गाडी. आता म्हणतात, स्वतःचं मीटर घ्या, खालपर्यंत केबल टाका. साठ हजार.

सहादेव : नका घेऊ. येवढं पैशे कुनी घालतं व्हय? त्यापरीस त्यांनाच म्हना, अजून दोन-तीन म्हैने हाय तसं चालू द्या. मी बोलू का?

रोहिणी : तुम्ही काय बोलणार?

सहादेव : सांगतो की, गाडीचा कुनाला तरास न्हाई. मी रोज बघतो. प्लग मीच लावतो, मीच काढतो.

रोहिणी : माझ्या गाडीची एवढी काळजी?

सहादेव : तुमची म्हंजी... तुमी रोज येवढ्या लांब जाता.

रोहिणी : सहादेवभाऊ, मला माहीत आहे.

सहादेव : काय?

रोहिणी : आतलं मशीन. झुंबरबाईंचं ऑक्सिजनचं.

सहादेव : हळू बोला, मॅडम.

रोहिणी : दिवाळीनंतर बिल एकदम वाढलं. गाडीनं किती वीज घेतली ते माझ्या फोनवर दिसतं. महिन्याला चारशे युनिट. मी भरत होते साडेसहाशेचे. संतापून खाली आले, म्हटलं आधी वॉचमनला विचारू, कोण वायर टाकतंय. दार उघडं होतं. त्यांच्या नाकाला नळी, आणि तुम्ही मागं बसून त्यांची वेणी घालत होतात.

सहादेव : हात वर केला की दम लागतो तिला.

रोहिणी : मला बघून तुम्ही उठलात. म्हणालात, गाडी पुसायची का मॅडम?

सहादेव : तुमी व्हय म्हनलात.

रोहिणी : दुसरं काही सुचलं नाही.

सहादेव : तवापासून रोज पुसतोय. मला वाटायचं, तुमाला ठाऊक न्हाई. वाटायचं, गाडी पुसली की थोडं तरी फिटतंय... चोरीच हाय, मॅडम. पन नावं ठिवायची तर मला ठिवा. मशीन फुकट मिळालं, कोरोनात कुनी दान दिल्यालं. लाइट कुठून आनू?

रोहिणी : नावं ठेवायला नाही आले. मी आज चूक केली आहे, ती सांगायला आले.

सहादेव : तुमी काय चूक करनार?

रोहिणी : मीटिंगमध्ये कल्याणराव सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम सोसायटीच्या जिवावर गाडी उडवतात. लोक हसले. माझं डोकं फिरलं. फोन काढला आणि एकेकाच्या तोंडासमोर धरला. हे बघा, गाडीनं चारशेच घेतलेत, पैसे साडेसहाशेचे भरलेत. आता सांगा, चोर कोण?

सहादेव : मंग?

रोहिणी : मला वाटलं, बरी जिरवली. गच्चीवरून जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर आले आणि लक्षात आलं, मी काय दाखवून बसले.

सहादेव : कल्याणराव काय म्हनले?

रोहिणी : मागून जिन्यातच गाठून म्हणाले, मग वरचे अडीचशे युनिट जातात कुठं? उद्या दहा वाजता वायरमन येतोय. एकेक लाइन तपासणार.

सहादेव : पयली हीच सापडंल. पंपाच्या बोर्डावरूनच घेतलीय.

रोहिणी : माझ्या घरातून वायर सोडते खाली.

सहादेव : तिसऱ्या मजल्यावरनं? समद्या बिल्डिंगीला दिसंल. माझ्या आदीच्या वॉचमनला भाऊ चार दिवस ऱ्हायला आला म्हनून काढलं हुतं. मी बायकूला आठ दिवसाच्या बोलीवर आनली. दवाखाना हाय म्हनलो.

रोहिणी : मग मीच सांगते सगळ्यांना. आजारी बाई आहे. माणसंच आहेत, समजून घेतील.

सहादेव : सांगा. पन मॅडम, दिवाळीपासून तुमी कुनाला बोलला न्हाईत. ते का?

रोहिणी : बोलले असते तर तुम्हालाच काढलं असतं.

सहादेव : तेच म्हनतो मी. तुमीबी ह्याच बिल्डिंगीत ऱ्हाता.

रोहिणी : मग काय करणार?

सहादेव : उजाडायच्या आत गावाला न्यायची. आयजवळ ठिवतो, पाथर्डीच्या पल्याड. मशीन दिसलं न्हाई तर नोकरी तरी ऱ्हाईल. नोकरी गेली तर औषधं कशातनं आनू?

रोहिणी : गावाला लाइट असते का दिवसभर?

सहादेव : आसती की. कदी आठ तास, कदी दहा. वारं सुटलं की मंग काय खरं न्हाई.

रोहिणी : आणि डॉक्टरांनी किती तास लावायला सांगितलंय?

सहादेव : सोळा. टीबी बरा झाला, पन छातीत काय ठिवलं न्हाई त्यानं. ऊसतोडीला जायचो तवा फडातनं माझ्यापरीस जास्त मोळ्या वाहायची ही. ट्रकच्या फळीवरनं चढायची सरसर. मी खाली हुबा.

रोहिणी : उद्या मी रजा टाकते. मी सोडते तुम्हाला. माझ्या गाडीत प्लग आहे, रस्ताभर मशीन चालेल.

सहादेव : गाडी निम्मीच भरलीय ना?

रोहिणी : पाथर्डीपर्यंत पुरेल.

सहादेव : आन् माघारी?

रोहिणी : माघारीचं बघू. पाच वाजता तयार राहा. जिना नाही, काही नाही, मी गाडी अगदी दाराला... सहादेवभाऊ, आवाज का थांबला?

सहादेव : कसला?

रोहिणी : मशीनचा. मघापासूनच थांबलाय वाटतं. बोलण्याच्या नादात...

सहादेव : आगं ए! लाइट गेली का?

झुंबरबाई : (आतून) न्हाई गेली. मीच... बंद केलं.

सहादेव : डोकं फिरलं का तुझं? लाव आदी!

झुंबरबाई : ऱ्हाऊ द्या. ऐकलं मी समदं. गावाला लाइट... जाती ना. सवय पायजे.

रोहिणी : झुंबरबाई, माझं ऐका. आजचा दिवस तरी राहू द्या चालू. कोणी काही म्हणणार नाही.

झुंबरबाई : ताई, तुमच्या फोनात समदं दिसतं म्हनं. बघा ना... किती झालं?

रोहिणी : चार मिनिटं झाली असतील. चालू करा आता.

झुंबरबाई : पाच... होऊ द्या.